देवाचे वाचन चालू आहे

देवाचे वाचणाऱ्या माणसाला मध्येच हाक मारू नये, हा आमच्या घराण्यातला फार जुना दंडक. आणि ज्या पणजोबांनी तो घालून दिला त्यांनी, वाचणारा माणूस नेहमी पुरुषच असणार, तो सोवळे नेसून पोथी पुढ्यात घेऊन ओसरीवर बसणार आणि त्याला हाक मारून व्यत्यय आणणारी त्याची बायको आत चुलीपाशी असणार, एवढे सगळे गृहीत धरले असावे. कायद्याचा मसुदा करताना पुढच्या काळाची तजवीज केली नाही तर कोणता अनर्थ ओढवतो, हे तालुक्याच्या कचेरीत उभी हयात आवक-जावक बारनिशीत घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु पणजोबांचा दंडक रद्द करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. त्यामुळे हल्ली सायंकाळी चहाची वेळ टळून जाते, मी ओसरीवरून एकदा खाकरतो, पुन्हा खाकरताना त्यात किंचित आजाराचा भास आणतो, आणि आतून शांत स्वरात उत्तर येते, "जरा थांबा, देवाचे वाचते आहे." पोथी कोणती म्हणून डोकावून पाहावे, तर सौभाग्यवतींच्या हातात मोबाईल.

त्या मोबाईलमध्ये दर महिन्याला एक मासिक येते. ते केवळ स्त्रियांसाठी आहे, केवळ श्रद्धावान स्त्रियांसाठी आहे, आणि ते कागदावर छापले जात नसल्यामुळे त्यात सकाळचे पोहे बांधून देण्याची सोय नाही, एवढा एकच दोष मला आजवर त्यात कायदेशीरपणे सिद्ध करता आला आहे. मासिकाचे नाव मी येथे नमूद करीत नाही, कारण हा लेख घरात वाचला जाण्याचा संभव आहे. ते आमच्या घरी आले शारजाहून. तेथे संसार करणाऱ्या आमच्या भाचीने, मामीला एकटेपणा वाटत असेल अशा कल्पनेने, ते आमच्या गावी कारापूरला पाठवले. मामीच्या घरात मामा नावाचा एक इसम चोवीस तास हजर असतो ही गोष्ट तिने जमेस धरली नसावी.

येथे वाचकांना एक खुलासा केला पाहिजे. आमच्या गोव्यातल्या डिचोली-पेडण्याकडच्या घरांत बोलणे कोंकणीत चालते, भांडण तर कोंकणीखेरीज दुसऱ्या कोणत्याही भाषेत रंगत नाही, पण देवाशी बोलायची वेळ आली की माणूस पाट मांडून मराठीत शिरतो. आरती मराठी, भजन मराठी, पोथी मराठी. त्यामुळे शुद्ध मराठीत लिहिलेला कोणताही मजकूर, मग तो गुडघेदुखीवरच्या तेलाविषयी का असेना, आमच्याकडे थोडासा पवित्रच मानला जातो. पुढील संवाद मुळात कोंकणीत झाले असून ते वाचकांच्या सोयीसाठी आणि माझ्या अब्रूसाठी सौम्य मराठीत रुजू केले आहेत.

एके दुपारी सौभाग्यवती शेजारी हळदीकुंकवाला गेल्या असता मी त्या अंकाची रीतसर तपासणी केली. मुखपृष्ठावर देवी. तिच्याखाली महिन्याचे सणवार. त्यानंतर एक स्तोत्र, आणि ते ऐकायचे असल्यास दाबायचे बटण. पान उलटले, म्हणजे सरकवले, की घरच्या घरी करायचे उटणे. मग चातुर्मासाचे माहात्म्य, लगेच साबुदाण्याची इडली. पुढे रामायणातल्या उपेक्षित स्त्रियांवर एक गंभीर लेख आणि त्याच्या पायाशी पैठणीची निगा. सबंध अंकात नवऱ्याचा उल्लेख एकाच ठिकाणी सापडला, आणि तो 'कौटुंबिक आरोग्य' या सदरात, रक्तदाब या मथळ्याखाली होता.

पण माझे खरे लक्ष वेधले ते पहिल्या पानावरच्या संपादकीय पत्राने. ते 'प्रिय सखी' या शब्दांनी सुरू होत होते आणि आज दिवसभरात तू स्वतःसाठी काही केलेस का, अशी आस्थेने चौकशी करीत होते. उभ्या नोकरीत मला जी पत्रे आली ती 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरू झाली आणि 'अन्यथा आपणावर कारवाई करण्यात येईल' अशी संपली. त्यामुळे कोणी अनोळखी व्यक्ती केवळ विचारपूस करण्यासाठी पत्र लिहिते, आणि तेही दर महिन्याला, आणि तेही आमच्याच घरातल्या दुसऱ्या माणसाला, हे वाचून माझ्या मनात जी भावना आली तिला मी मत्सर म्हणणार नाही. दफ्तरात तिची नोंद 'हरकत' अशी करता येईल.

ती हरकत मी रात्री जेवताना दाखल केली. म्हटले, यात नवीन ते काय आहे? जयंतराव साळगांवकरांनी 1973 साली 'कालनिर्णय' काढले तेव्हापासून पुढच्या बाजूला एकादशी आणि पाठीमागे पाककृती, हा संसार एकाच खिळ्यावर लटकतो आहे. शिर्डीची 'साईलीला' 1923 पासून निघते. शंकरराव किर्लोस्करांनी 1930 साली 'स्त्री' मासिक सुरू केले तेव्हाही बायका वाचतच होत्या. मग मोबाईलमधल्या या मासिकातच असे कोणते मोठे गौडबंगाल आहे, की त्यासाठी माणसाचा चहा थांबावा?

सौभाग्यवतींनी भात वाढता वाढता जो जबाब दिला तो मी शब्दशः देतो. "पेपर वाचायला घेतला की तुम्हाला नेमका तोच पेपर हवा असतो. कादंबरी घेतली की दूध उतू जाते. कालनिर्णय भिंतीवर, ते उभ्याने वाचावे लागते. हे वाचते तेव्हा मला कोणी उठवत नाही."

"पण मी उठवले तर?"

"उठवून पाहा. सासूबाई घरात आहेत."

हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने अभेद्य होता. माझी आई वयोवृद्ध असली तरी पणजोबांच्या दंडकाची ती घरातली शेवटची अंमलबजावणी अधिकारी आहे. सुनेच्या हातातल्या यंत्रात देव आहे हे तिला एकदा पटल्यावर तिने त्या यंत्राची व्यवस्थाच बदलून टाकली. चपला घातलेल्या माणसाने मोबाईलला हात लावायचा नाही. जेवताना तो जवळ ठेवायचा नाही. एका शुक्रवारी मुखपृष्ठावर महालक्ष्मी आली, तेव्हा आईने भक्तिभावाने पडद्यावर हळद-कुंकू वाहिले, वर दोन अक्षता टाकल्या, आणि त्या दिवशी देवीने आमच्या हातून पान काही सरकू दिले नाही. संध्याकाळी तो मोबाईल मी डिचोलीला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्या पोराने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि आदराने विचारले, "काका, नवीन घेतला की हो?"

दुसरी अडचण रेंजची. आमचे घर वाळवंटी नदीच्या अंगाला खोलगट जागी असल्यामुळे पावसाचे पाणी, सापाची पिल्ले आणि गावातल्या बातम्या आमच्याकडे आपसूक उतरतात. फक्त रेंज तेवढी वरच्या वर निघून जाते. बऱ्याच संशोधनानंतर असे निष्पन्न झाले की ती अंगणातल्या तुळशीवृंदावनापाशी, पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास, भरपूर मिळते. परिणामी अंक उतरवून घ्यायचा असला की सौभाग्यवती तुळशीपाशी हात किंचित उंचावून, मान लववून, बराच वेळ निश्चल उभ्या राहतात, आणि रस्त्याने जाणारी मंडळी थबकून त्यांच्याकडे पाहून जातात. अशा घरात लक्ष्मी का नांदणार नाही, असे तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, बोलले जाते म्हणे. मी क्रिकेटचा धावफलक पाहण्यासाठी त्याच जागी उभा राहू लागल्यापासून माझ्याविषयीचेही लोकमत सुधारले आहे. मध्यंतरी भारताचे पाच गडी लागोपाठ बाद झाले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून एका सद्गृहस्थाने कुंपणाबाहेरून मला नमस्कार केला. तो मी स्वीकारला.

आता आहाराविषयी. आमच्या भागात सोमवार शंकराचा म्हणून शिवराक, म्हणजे शाकाहार, गुरुवार दत्ताचा, आणि साखळीची दत्तवाडी इतकी जवळ की त्या दिवशी नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, वास काढण्याची कोणाची छाती नाही, शनिवार मारुतीचा. एवढे जाऊनही प्रामाणिक माणसाच्या वाट्याला आठवड्यात पुरेसे बांगडे येत असत. मासिकाने मात्र सात्त्विकतेचे वेळापत्रक हाती घेतले. मंगळवार गणपतीचा असल्याचे एका अंकात सप्रमाण सिद्ध झाले. शुक्रवार देवीचा होताच, तो आता अधिकृत झाला. रविवारी सूर्योपासना, आमच्याकडे श्रावणातल्या आयताराला बायका सूर्याची पूजा करतातच, पातोळ्या करतात, पण श्रावणाचा महिना मुळातच नुस्त्याविना जातो, तेव्हा तो मनाला लागत नाही. मासिकाने हा रविवार बारमाही केला. उरला बुधवार. तो एकच वार धर्मनिरपेक्ष राहिला आहे अशा समजुतीने मी म्हापशाच्या बाजारातून विसवण आणण्याचा बेत करीत असताना नवा अंक आला आणि त्यात बुधग्रहाच्या प्रसन्नतेसाठी बुधवारी मुगाचे पदार्थ करावेत, असे पाच पाककृतींसह म्हटले होते. मी मूग गिळून गप्प बसलो. आणि येथे अलंकारिक भाषेचा मी मुळीच अवलंब केलेला नाही.

ज्या यंत्राला वाचा आहे ते केव्हा बोलेल याचा भरवसा नसतो, हे मला एका सहकारी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कळले. माझा मोबाईल बिघडल्यामुळे मी त्या दिवशी घरातला पवित्र मोबाईल खिशात घालून गेलो होतो. सभा तापली होती. एका रकमेच्या वजावटीवरून दोन सभासद उभे राहून एकमेकांच्या पूर्वजांचा सातबारा काढीत होते, अध्यक्ष टेबल बडवीत होते, आणि मीही एक मुद्देसूद हरकत मांडण्यासाठी उठलो. तोच खिशातल्या खिशात कोणते बटण दाबले गेले कोण जाणे, माझ्या छातीतून झांजांच्या गजरासह पूर्ण आवाजात आरती सुरू झाली. आरती सुरू झाल्यावर बसून राहणे हे आमच्या तालुक्यात कोणत्याही पक्षाच्या माणसाला शक्य नाही. सबंध सभागृह उभे राहिले. भांडणाऱ्या दोघांनी टाळ्या धरल्या. मला ती बंद करता येईना, आणि आरती मध्येच बंद करणे अशुभ म्हणून कोणी मला ती बंद करू देईना. शेवटचे कडवे झाले, सर्वांनी स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली, आणि लोक अजून हात जोडून उभे आहेत असे पाहून चतुर अध्यक्षांनी जाहीर केले, "हिशेब एकमताने मंजूर." पुढच्या वर्षी सभेच्या नोटिशीबरोबर मला स्वतंत्र निरोप आला की येताना मोबाईल आठवणीने आणावा.

त्रिपुरारी पौर्णिमेचा प्रसंग थोडक्यात सांगतो. त्या रात्री विठ्ठलापुरात विठ्ठलाच्या देवळापाशी वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका सोडतात, त्यांची स्पर्धा होते, त्रिपुरासुराचा वध होतो, आणि गोवाभरची माणसे काठावर लोटतात. ती जागा आमच्या घरून चालत जाण्याच्या अंतरावर. पण त्या महिन्याच्या अंकात एक नवीन सोय निघाली होती : 365 वातींचा त्रिपूर पडद्यावर बोटाने लावता येत असे. सौभाग्यवतींनी तो भक्तिपूर्वक लावला. आईने चष्मा पुसून तो पाहिला आणि विचारले, "तेल कोण घालतो?"

"तेल लागत नाही, आई."

"मग जळते काय?"

याला उत्तर सुचण्यापूर्वी बॅटरी संपून सर्वच्या सर्व वाती एकदम विझल्या. पौर्णिमेच्या रात्री देवापुढचा त्रिपूर विझतो म्हणजे काय, यावर आईने जे भाष्य केले त्यात मुख्यत्वे माझ्या भवितव्याचा विचार होता. आणि विठ्ठलापुरात नौका निघाल्या त्या घटकेला मी बंद होत आलेल्या पोसऱ्याच्या, म्हणजे दुकानाच्या, दारात कापूस आणि तिळाचे तेल मागत उभा होतो. वाती वळायलाही मलाच बसवण्यात आले, कारण ज्याचे आयुष्य वाढवायचे त्याने थोडे श्रम करावेत.

शेजारच्या किरिस्तांव वहिनी या सगळ्या प्रकाराकडे बरेच दिवस कुंपणापलीकडून पाहत होत्या. त्यांच्या घरी 'दोर म्हयन्याची रोटी' हे कोंकणी धार्मिक मासिक येते. 1915 साली ते कराचीत सुरू झाले आणि पुढे गोव्यात आले. वहिनी ते रोमी लिपीत वाचतात, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून, आणि त्यांचे यजमान त्या वेळी ओट्यावर माझ्यासारखेच खाकरत असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. आम्ही दोघे यजमान त्या वेळेला कुंपणापाशी भेटतो. धर्म, पक्ष आणि फुटबॉल या तिन्ही बाबतींत आमचे मतभेद आहेत; चहाच्या बाबतीत नाहीत.

याच वहिनींचा पुढच्या प्रकरणातही हात होता. सौभाग्यवतींच्या मासिकाने 'माझे ग्रामदैवत' या विषयावर लेख मागवले. सौभाग्यवतींचे माहेर शिरगावच्या बाजूचे, तेव्हा त्यांनी तिथल्या लईराई देवीवर लिहायचे ठरवले : वैशाख शुद्ध पंचमीची जत्रा, व्रतस्थ धोंड, त्यांच्या हातातल्या वेताच्या काठ्या, पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जाणे. आणि अर्थातच देवीचे गणगोत. आमच्याकडे देवी एकटी नसते. लईराईच्या बहिणी मुळगावची केळबाय, मयेची महामाया, पेडण्यात मोरजीची मोरजाय, आणि म्हापशाची मिराबाय, जिला ख्रिस्ती मंडळी मिलाग्रिस सायबीण म्हणून भजतात आणि जिच्या फेस्ताला हिंदू बायका तेल घेऊन जातात. हे वाक्य लिहून होताच शेजारच्या वहिनींना कुंपणापाशी बोलावून वाचून दाखवण्यात आले. त्यांनी त्यात फेस्ताची एक दुरुस्ती सुचवली, ती मान्य झाली, आणि लेख तुळशीपाशी उभे राहून रवाना करण्यात आला.

आठवड्याने संपादक मंडळाकडून अत्यंत प्रेमळ भाषेत पृच्छा आली. प्रिय सखी, लेख फार आवडला. परंतु देवीची एक बहीण चर्चमध्ये असल्याचा जो उल्लेख आहे तो नजरचुकीने झाला असावा, तरी तो वगळावा काय?

त्या पत्राचे उत्तर कसे द्यावे याविषयी माझा सल्ला कोणी मागितला नव्हता, तरी मी दिला. ऐतिहासिक पुरावे, पोर्तुगीज काळ, लोकपरंपरा, अशा तीन परिच्छेदांचा एक मसुदा मी रात्री जागून तयार केला आणि शेवटी 'सबब विनंती की' असे लिहून सहीसाठी पुढे ठेवला. सौभाग्यवतींनी तो वाचला, घडी केली, त्या घडीने निरांजनाखालचे हलणारे तबक सारखे केले, आणि मोबाईलवर एका बोटाने एवढेच लिहिले : बहिणीचे सासर बदलले म्हणून माहेर बदलत नाही.

लेख छापून आला. म्हणजे उगवला. मिराबाय जागच्या जागी होती, आणि हे उत्तरही चौकटीत घातलेले होते. त्या संध्याकाळी तुळशीपाशी सौभाग्यवती, आई, शेजारच्या वहिनी आणि वाड्यावरच्या आणखी काही जणी अशा दाटीने उभ्या राहिल्या की रेंजलाही आत शिरायला वाट राहिली नसेल; एकजण मोठ्याने वाचत होती आणि बाकीच्या मध्येमध्ये आपापल्या गावच्या देवीच्या बाजूने हरकती नोंदवीत होत्या. पौषात धालोच्या मांडावर बायका जमल्या की पुरुषाने तिकडे फिरकायचे नसते. तोच नियम वैशाखात लागू आहे की नाही, याची खातरजमा करण्यासाठी मी चार पावले पुढे गेलो. आहे.

चहा मीच केला. शेजारच्या यजमानांनी पोदेराकडून पाव आणले.

माझ्या दृष्टीने त्या लेखाचे महत्त्व निराळेच होते. जत्रेच्या गर्दीत घुसून, दोनदा ढकलला जाऊन, एका धोंडाच्या वेताच्या काठीचा कोपराला प्रसाद घेऊन होमकुंडाचे जे छायाचित्र काढले गेले, ते मी काढले होते. लेखाखाली सौभाग्यवतींचे नाव ठळक होते, गाव कारापूर असे होते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'छायाचित्र : यजमान' असे नमूद होते. शासकीय सेवेत इतकी वर्षे काढून माझे काहीही कोठेही छापून आले नव्हते. मी दुसऱ्या दिवशी मोबाईल मागून घेतला, चपला काढून हातात धरला, आणि तिस्कावरच्या हॉटेलात चारचौघांत तो लेख उघडून त्या ओळीवर बोट ठेवले. सर्वांनी वाकून, आळीपाळीने, डोळे बारीक करून वाचले. हॉटेलवाल्याने तर पडदा दोन बोटांनी ताणून अक्षरे मोठी केली.

"वा!" तो म्हणाला, "आणि हे यजमान कोण?"